सातबाऱ्यावरचे नाव

शेतीच्या पुढाऱ्यांचा इतिहास लिहावयाचा म्हटला, की धरणे, साखर कारखाने आणि बाजारभाव यांचीच वर्णने येतात. निंदणी-खुरपणी करणारी बाई त्यांत क्वचितच दिसते. म्हणून 9 व 10 नोव्हेंबर 1986 रोजी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे भरलेल्या शेतकरी महिला अधिवेशनाची आठवण आपल्या स्मरणिकेत असावयास हवी.

अधिवेशन बोलावणारे शेतकरी संघटनेचे शरद जोशी हे मूळचे शेतकरी नव्हेत. स्वित्झर्लंडमधील जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून ते मायदेशी परतले व चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन कसू लागले. कष्ट करूनही हिशेब तोट्याचाच निघतो, हे तेथे त्यांना उमगले. 1980 च्या कांदा आंदोलनाने त्यांचे नाव झाले. पुढे या आंदोलनांत बायकाही रस्त्यावर उतरल्या, तुरुंगात गेल्या. चांदवडला तर त्या हजारोंनी जमल्या आणि स्वतःच्या प्रश्नांवर बोलल्या.

यातूनच काही वर्षांनी 'लक्ष्मीमुक्ती' निघाली. सरकार मालाला रास्त भाव देत नाही, सबब शेतकऱ्याचे देणे सरकारकडे आहे, असे संघटना सांगत असे. जोशींनी तोच हिशेब शेतकऱ्यापुढे ठेवला: घरच्या लक्ष्मीने जन्मभर राबून केलेल्या कामाचे देणे तुमच्याकडे नाही काय? थोडी तरी जमीन तिच्या नावे करा. ज्या गावी शंभर बायकांच्या नावे जमीन होईल, तेथे आभार मानावयास आपण जातीने येऊ, असे त्यांनी सांगितले. जळगाव जिल्ह्यातील विटनेरसारखी गावे पुढे आली. सरकारवर तोफ डागणारे पुढारी पुष्कळ. आपल्याच अनुयायांना त्यांचे कर्ज दाखविणारा विरळा. अर्थात ही जमीन नवऱ्याने खुशीने द्यावयाची होती, हक्काने मागावयाची नव्हे. माहेरच्या जमिनीचा प्रश्न तर बाजूलाच राहिला. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रात 1994 च्या कायद्याने व देशभर 2005 च्या दुरुस्तीने मिळाला.

दरम्यान 1992 साली राज्य शासनाने परिपत्रक काढले. त्यानुसार नवऱ्याने अर्ज केल्यास बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागते. तरीही 2015-16 च्या कृषिगणनेत देशातील शेतीखात्यांपैकी सुमारे 14 टक्केच बायकांकडे असल्याचे आढळले.