शीड आणि यंत्र

वारा पडला, अथवा अरुंद पाण्यांत तो समोरून आला, कीं शिडाचें जहाज पंगु होतें. ही उणीव लहानशा यंत्रानें कशी भरून निघते, याचें उत्तम उदाहरण म्हणजे रोआल आमुंडसेनचें ‘योआ’ गलबत होय.

उत्तर अमेरिकेच्या माथ्यावरून पॅसिफिकांत जाणारा वायव्य मार्ग शोधण्यास १८४५ सालीं सर जॉन फ्रँकलिन दोन मोठीं जहाजें घेऊन गेला. शिडांच्या जोडीला त्यांवर वाफेचीं यंत्रेंहि होतीं. तथापि किंग विल्यम बेटाच्या पश्चिमेस बर्फानें तीं वेढलीं. १२९ जणांपैकीं एकहि परतला नाहीं.

आमुंडसेन १९०३ सालीं निघाला तो ४७ टनांचें जुनें मासेमारी गलबत, सहा सोबती आणि रॉकेलवर चालणारें १३ अश्वशक्तीचें यंत्र घेऊन. लहान गलबताला बेटाच्या पूर्वेकडील उथळ वाट पुरली. शीड निरुपयोगी होई तेथें यंत्र त्यास खडकांमधून हळूहळू पुढें नेई. हें साह्य निर्धोक मात्र नव्हतें. त्याच वर्षीं यंत्राच्या खोलींत, तेलाच्या टाक्यांनजीक आग लागली. ती वेळींच विझली, म्हणून मोहीम वांचली.

१९०६ सालीं ‘योआ’ अलास्कांतील नोम बंदरास पोहोंचलें. यंत्रानें शिडाची जागा घेतली नव्हती. शीड थकलें तेथें त्यानें हात दिला होता.