डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल

डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल (संक्षेपाने डीईएस) हे प्रयोगशाळेत तयार केलेले स्त्री-संप्रेरकसदृश औषध आहे. रासायनिक रचनेने ते स्टेरॉइड नसले, तरी इस्ट्रोजेन या स्टेरॉइड संप्रेरकाचेच कार्य करते. गर्भपात टळावा म्हणून ते विसाव्या शतकाच्या मध्यास, विशेषतः अमेरिकेत, लाखो गरोदर स्त्रियांना दिले गेले. गर्भावस्थेत आईने घेतल्याने अपत्यास पुढे कर्करोग होऊ शकतो असे सिद्ध झालेले हे पहिले औषध होय.

इतिहास

१९३८ साली इंग्लंडमधील चार्ल्स डॉड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संयुग तयार केले. त्याचे पेटंट घेतले गेले नाही. त्यामुळे ते स्वस्त राहिले आणि अनेक कंपन्यांनी बाजारात आणले. गर्भपाताचे मूळ संप्रेरकांच्या न्यूनतेत आहे, असे बॉस्टन येथील जॉर्ज व ऑलिव्ह स्मिथ या दांपत्याचे प्रतिपादन होते. १९४७ मध्ये अमेरिकेत गरोदरपणातील वापरास मान्यता मिळाली.

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात विल्यम डीकमन यांनी सुमारे १,६०० गरोदर स्त्रियांवर चाचणी केली. निम्म्यांना डीईएस, तर उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या औषधरहित गोळ्या दिल्या. गर्भपाताच्या प्रमाणात फरक पडला नाही. तरीही वापर आणखी अठरा वर्षे चालू राहिला. मानवातील धोका तेव्हा उघड झाला नव्हता हे खरे. परंतु निरुपयोगिता छापून प्रसिद्ध झाली होती. या इतिहासातील खरी शोचनीय बाब हीच आहे.

दुष्परिणाम

१९७१ मध्ये आर्थर हर्ब्स्ट व सहकाऱ्यांनी योनिमार्गाच्या दुर्मीळ कर्करोगाच्या आठ तरुण रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी डीईएस घेतले होते. तुलनेसाठी निवडलेल्या ३२ निरोगी मुलींच्या मातांपैकी एकीनेही ते घेतले नव्हते. हा दुवा प्रथम एका रुग्ण मुलीच्या आईनेच सुचविला होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदरपणात हे औषध वर्ज्य ठरविले. युरोपातील काही देशांत मात्र त्यानंतरही काही वर्षे ते दिले जात होते.

हा कर्करोग अशा सुमारे १,००० मुलींपैकी एकीस होतो. त्याहून कितीतरी अधिक जणींत गर्भाशयाची विकृत घडण, वंध्यत्व, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, मुदतपूर्व प्रसूती व गर्भपात आढळले. जो गर्भपात टाळण्यासाठी आईने गोळ्या घेतल्या, तोच मुलीच्या वाट्यास आला. मुलग्यांमध्ये वृषणाशी संबंधित काही दोष दिसतात. गर्भाची जननेंद्रिये घडत असतानाच बाहेरचे इस्ट्रोजेन पोहोचल्याने हा बिघाड होतो. थॅलिडोमाइडमुळे झालेले व्यंग जन्मतःच दिसत असे; येथे ते दिसण्यास बहुधा मुली वयात याव्या लागल्या.

यावरून गरोदरपणात सर्वच संप्रेरक औषधे घातक ठरतात असे नाही. मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असल्यास अर्भकाची फुप्फुसे परिपक्व व्हावीत म्हणून आईला बीटामेथाझोन हे स्टेरॉइड देतात. त्याचा उपयोग १९७२ मध्ये न्यूझीलंडमधील चाचणीने दाखवून दिला.

न्यायालयीन निर्णय

आईने वीस वर्षांपूर्वी कोणत्या कंपनीच्या गोळ्या घेतल्या हे सिद्ध करणे बहुतेक मुलींना अशक्य होते. १९८० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सिंडेल खटल्यात, कंपन्यांची जबाबदारी त्यांच्या बाजारातील वाट्याच्या प्रमाणात ठरविता येईल, असा निर्णय दिला.