मोकदम ते मुकादम : नीरा डाव्या कालव्याच्या प्रदेशातील मजूरभरती आणि तिची नोंद

१

बारामती तालुक्यातील कन्हेरी हे गाव तेथील मारुतीच्या देवळामुळे पुणे जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. दिवाळी उलटली की या परिसरात आणि पुढे इंदापूर तालुक्याच्या बागायती गावांतून ऊसतोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहू लागतात. पाचटाने शाकारलेली किंवा ताडपत्रीने झाकलेली ही घरे चार-पाच महिने टिकतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की नाहीशी होतात. त्यांत राहणारी माणसे मुख्यतः बीड आणि पूर्वीचा अहमदनगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू तालुक्यांतून आलेली असतात. ती आपणहून काम शोधीत येत नाहीत. त्यांना आणणारा एक मध्यस्थ असतो. त्याला मुकादम म्हणतात.

मनुष्यबळ पुरविण्याचा व्यवसाय करणारी एखादी नोंदणीकृत कंपनी आज वर्षअखेर अहवाल प्रसिद्ध करते. किती माणसांना काम दिले, कोणत्या जिल्ह्यात दिले, उत्पन्न किती झाले आणि देणे किती राहिले, हे त्या अहवालातून भागधारकांना कळते. मुकादमी हाही वस्तुतः मनुष्यबळ पुरविण्याचाच व्यवसाय होय. साखर कारखानदारीच्या प्रदेशात त्याने वर्षानुवर्षे पुरविलेल्या मजुरांची संख्या फार मोठी आहे. तथापि त्याचा वार्षिक अहवाल कोठेही नाही. असे का झाले, याचा शोध बारामती-इंदापूरच्या इतिहासातून व तेथे रूढ असलेल्या शब्दांतून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. 'मुकादम' हा शब्द अरबी 'मुकद्दम' या शब्दापासून फारसीच्या द्वारे मराठीत आला. पाऊल या अर्थाचा 'कदम' हा शब्द ज्या धातूपासून झाला, त्याच धातूपासून हाही झाला आहे. 'मुकद्दम' म्हणजे पुढे केलेला, अग्रेसर. सुलतानी अमदानीतील आणि मराठेशाहीतील कागदपत्रांत गावच्या पाटलास 'मोकदम' म्हटलेले वारंवार आढळते. 'मोकदमी' म्हणजे पाटिलकीचे वतन. हा मोकदम दोन दिशांना तोंड असलेला अधिकारी होता. वसुलाबद्दल तो सरकारास जबाबदार असे आणि सरकारापुढे गावाची बाजू मांडण्याचे कामही त्याचेच असे. त्याचे हक्क, मान आणि कर्तव्ये परंपरेने ठरलेली असत. तंटा पडल्यास गोतसभा बसे, साक्षी होत आणि महजर लिहिला जाई. म्हणजे त्याच्या अधिकाराला कागदाचा आधार होता व त्या कागदाची मर्यादाही होती.

इंग्रजी अमदानीत या शब्दाची प्रतिष्ठा उतरत गेली. रस्ते, कालवे, नगरपालिका, गोद्या व गिरण्या यांतील टोळीच्या म्होरक्यास 'मुकादम' हे नाव मिळाले. मुंबईच्या गिरण्यांतील जॉबर हा त्याच जातीचा. भरती करणारा तोच, देखरेख करणारा तोच, आणि पुष्कळदा अडीनडीला पैसे देणाराही तोच. या एकवटलेल्या सत्तेवर मजूरविषयक शाही आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात टीका केली होती. पुढे महाराष्ट्रात महसुली पाटलांचे पदच १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. ज्या काळात गावचा मोकदम इतिहासजमा झाला, त्याच सुमारास उसाचा मुकादम प्रबळ होत होता, हा योगायोग लक्षणीय आहे. नव्या मुकादमाकडे जुन्याची दोन तोंडे आली. जुन्याचा कागद मात्र आला नाही.

३

कागदाच्या बाबतीत हा प्रदेश मागासलेला मुळीच नव्हता. मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीच्या पद्धतीचा पाया इंदापूर तालुक्यातच घातला गेला. प्रिंगलच्या आधीच्या आकारणीने रयत हवालदिल झाल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापुरात नवी आकारणी सुरू केली. प्रत्येक शेताला क्रमांक, क्षेत्र आणि सारा मिळाला. शेत नोंदले गेले, खातेदार नोंदला गेला. शेतावर राबणारा मजूर या नोंदीत आला नाही. तसे करण्याचे प्रयोजनही तेव्हा कोणास वाटले नसावे.

दुसरी घटना सुप्याची. हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. त्या वेळी तो भीमथडी तालुका होता. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर व हुकूमनाम्यांवर होता. कर्ज कागदावर होते, म्हणून ते जाळता आले, असेच म्हणावे लागेल. सरकारने चौकशी आयोग नेमला व त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. या कायद्याने दोन महत्त्वाच्या गोष्टी केल्या. न्यायालयास रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणे किती व व्याज किती, हे तपासण्याचा अधिकार मिळाला. आणि शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावेत, अशी तरतूद झाली. या कायद्याने सावकारी संपली नाही, हे खरे. परंतु ऋणको कोण, धनको कोण आणि रक्कम किती, हे तीन प्रश्न विचारता येऊ लागले व त्यांची उत्तरे कागदावर शोधता येऊ लागली. पुढील विवेचनात हे तीन प्रश्न ध्यानात ठेवावयाचे आहेत.

४

१८७६–७८ च्या दुष्काळाच्या छायेत आकारास आलेल्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून या भागात खेळू लागले. सासवडकडील माळी बागायतदार कालव्याच्या काठाने खाली सरकले आणि ऊस वाढला. त्या उसाचा गूळ शेतावरच होत असे. गुऱ्हाळाची चाल मंद असते. चरक जेवढा रस काढील आणि काहील जेवढा रस आटवील, तेवढाच ऊस तोडावयाचा. त्यामुळे तोडणीला गावातील व आसपासची माणसे पुरत असत.

१९३२ मध्ये साखर उद्योगास संरक्षण मिळाले व हे गणित पालटले. त्याच दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखान्याचा प्रयोग सुरू झाला आणि पुढील दशक-दीड दशकात बारामती-इंदापूर पट्ट्यात माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. तोडलेला ऊस जसजसा वाळतो तसतसा त्याचा उतारा घटतो, म्हणून तो शक्यतो एका दिवसाच्या आत गव्हाणीत पडावा लागतो. आणि गव्हाण रात्रंदिवस चालते. दिवसाला १,२५० टन गाळपाचा कारखाना घ्या. नवरा-बायकोची जोडी दिवसाकाठी दीड ते दोन टन ऊस तोडते, असे धरले आणि सर्व ऊस हाताने तोडावयाचा असला, तर ६०० ते ८०० जोड्या, म्हणजे १,२०० ते १,६०० माणसे रोज फडात हवीत. ५,००० टनांच्या कारखान्यास हाच आकडा ५,००० ते ६,५०० च्या घरात जातो. ही माणसे पहाटे, रात्री, वाहन येईल त्या वेळी हजर हवीत आणि पट्टा पडेपर्यंत परत जाऊ नयेत. ज्याचे घर, शेत आणि पाहुणेरावळे जवळ आहेत असा स्थानिक मजूर या अटी सहसा मान्य करीत नाही. म्हणून दूरचा माणूस हवा. आणि तो हंगामभर बांधलेला राहावा यासाठी काही बंधन हवे. हे बंधन उचलीने पुरविले. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची जी अवस्था केली, तिने उचल घेणाऱ्या हातांची वाण पडू दिली नाही.

त्याच दुष्काळात शासनाने रोजगार हमी योजनेचा विस्तार केला व १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. रोजगारनिर्मितीचे दोन मार्ग अशा रीतीने समांतर चालू राहिले. एका मार्गावर हजेरीपट होता. दुसऱ्या मार्गावर मुकादमाची वही होती.

५

या वहीची भाषा अभ्यासण्यासारखी आहे. तीत मजुरांची संख्या माणसांनी मोजीत नाहीत, कोयत्यांनी मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडपे. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हत्याराचे नाव माणसांना मिळाले, ही भाषेत नेहमी घडणारी लक्षणा आहे. परंतु येथे तिचा हिशेबी परिणाम होतो. कोयता एक, म्हणून खाते एक, आणि ते पुरुषाच्या नावाचे. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहनापर्यंत नेणाऱ्या स्त्रीची मजुरी तिच्या नावाने कोठेही पडत नाही. कामावर न आल्यास मात्र कोयत्याचा 'खाडा' पडतो व दंड कापला जातो. मग खाडा आजारपणाचा असो की बाळंतपणाचा.

'उचल' हा शब्दही असाच बोलका आहे. आगाऊ घेतलेली रक्कम ती उचल. ती पावसाळ्यात, हाती पैसा नसताना, लग्नासाठी, दवाखान्यासाठी किंवा बियाण्यासाठी घेतली जाते. ती 'अंगावर' असते आणि काम करून 'फिटते'. फिटली नाही तर 'बाकी' राहते व बाकी पुढच्या हंगामाला जोडली जाते. व्याकरणदृष्ट्या उचलणारा हाच कर्ता आहे. देणारा वाक्यात येतच नाही. कर्जरोख्यात धनकोचे नाव अनिवार्य असे. 'माझ्या अंगावर उचल आहे' या वाक्यात धनको अध्याहृत राहतो.

आणि तो खरोखरच सांगता येणे कठीण आहे. कारखाना किंवा त्याने तोडणी-वाहतुकीसाठी उभी केलेली वेगळी संस्था वाहनमालकाशी अथवा मुकादमाशी करार करते. वाहनमालक मुकादमास रक्कम देतो. मुकादम ती मजुरांत वाटतो. वरच्या पायऱ्यांवर मुद्रांकित कागद असतो. शेवटच्या पायरीवर, म्हणजे मुकादम आणि मजूर यांच्यामध्ये, बहुधा तोंडी शब्द असतो. मुकादमास केवळ खलनायक समजणे मात्र अन्यायाचे होईल. तो बहुधा मजुरांच्याच गावचा, पुष्कळदा पूर्वी स्वतः कोयता चालविलेला असतो. मजुरीच्या रकमेवर त्याला शेकडेवारीने कमिशन मिळते. पण टोळीतील कोयते निघून गेले तर वरच्यांची उचल त्याच्याच अंगावर येते. उलट उचल घेऊन मुकादमच फिरकला नाही, अशा वाहनमालकांच्या तक्रारीही दर हंगामात पोलिसांकडे जातात. व्यवहार तोंडी असल्याने फसणारा प्रत्येक जण आपल्या खालच्याकडे बोट दाखवितो. सर्वांत खाली मजूर असतो.

६

आता कारखान्याच्या वार्षिक अहवालाकडे वळू. गाळपाचे दिवस, गाळलेला ऊस, साखरेचा उतारा आणि उसाला दिलेला दर हे त्यातील ठळक आकडे. कायम व हंगामी कामगारांवरील खर्चही त्यात येतो. तोडणी मजूर मात्र कामगार म्हणून येत नाही. तो 'तोडणी-वाहतूक' या खर्चाच्या सदरात येतो. महाराष्ट्रात हा खर्च उसाच्या दरातून वजा होतो, म्हणजे अंतिमतः तो ऊस उत्पादकाच्या खात्यावर पडतो. मग मजुराचा मालक कोण? करार कारखान्याचा, शेत शेतकऱ्याचा, वाहन तिसऱ्याचे, भरती चौथ्याची.

कायद्यांची वाट याच प्रश्नापाशी अडली. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा मुख्य मालक कोण हे निश्चित झाल्याखेरीज चालू शकत नव्हता; २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या संहितेत तो विषय सामावला गेला, तरी प्रश्न तोच राहिला. स्थलांतरित कामगारांविषयीचा १९७९ चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून बारामतीस येणारा मजूर त्यात बसत नव्हता. १९७६ च्या वेठबिगारविरोधी कायद्याने कर्जापोटी श्रम बांधून घेण्यास बंदी केली. पण कर्ज सिद्ध करावयाचे तर कागद हवा. याउलट १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे स्थापन केली, मालक व कामगार या दोघांचीही नोंदणी केली आणि मजुरी मंडळामार्फत देण्याची पद्धत घातली. तोच मार्ग ऊसतोडणीस लावावा, ही संघटनांची मागणी त्यामुळे समजण्यासारखी आहे.

अलीकडे काही पालट झाला आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. गाळलेल्या उसावर कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यावेत व तेवढीच भर शासनाने घालावी, अशी त्याची आर्थिक रचना आहे. ग्रामसेवकामार्फत मजुरांची नोंद करून ओळखपत्रे देण्याचे कामही हाती घेण्यात आले. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा समझोता झाला. या गोष्टींचे मोल कमी नाही. तथापि दर वाढला तरी उचलीचा हिशेब तोंडीच राहिला, तर वाढलेली रक्कम मजुराच्या हाती पडली की बाकीत जिरली, हे कोण सांगणार?

७

सुप्याच्या दंग्यानंतर चार वर्षांनी ग्रामनिबंधक आला आणि त्याने ऋण नोंदले. आज ग्रामसेवक माणूस नोंदीत आहे. ऋणाची नोंद अजून व्हावयाची आहे. माणसाच्या नोंदीने कल्याणाची योजना त्याच्यापर्यंत पोचू शकेल. ऋणाच्या नोंदीने धनकोचे नाव पुढे येईल, आणि ते आले की मालकाचाही शोध लागेल. ही नोंद मजुराच्या गावी, उचल हातात पडतानाच व्हावी, आणि तीत कोयता न लिहिता स्त्री व पुरुष यांची नावे वेगवेगळी लिहावीत, एवढे इतिहासाच्या आधारे सुचविता येते.

संशोधकांपुढेही काम आहे. मुकादमांच्या वह्या, वजनाच्या पावत्या आणि हंगामाखेरचे हिशेबाचे कपटे ही या प्रदेशाच्या आर्थिक इतिहासाची अस्सल साधने आहेत. आणि पट्टा पडला की ती बहुधा चुलीत जातात. सुप्याचे रोखे शेतकऱ्यांनी जाळले, तरी आयोगाच्या चौकशीमुळे त्यांचा इतिहास उरला. या वह्यांची चौकशी कोणी केली नाही, तर त्यांचा इतिहास उरणार नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका हंगामापुरते जरी एका गावात हे काम केले, तरी पुष्कळ साधेल.