एका तारखेच्या तीन पुण्यतिथी

थोर पुरुषाचें स्मरण त्याच्या पुण्यतिथीस करावें ही आपली जुनी चाल; परंतु ती तिथि होती, तारीख नव्हे. नाथषष्ठी इंग्रजी कोणत्या तारखेस पडते ह्याची चौकशी करावयास आपले आजे-पणजे कधीं गेले नाहींत. इंग्रजी अमलाबरोबर तारीख आली, वर्तमानपत्रें आलीं, आणि निरनिराळ्या वर्षीं, निरनिराळ्या गांवीं निधन पावलेल्या माणसांस एका तारखेखालीं ओळीनें मांडण्याचा नवा प्रघात पडला. ह्या प्रघाताची आम्हांस फारशी गोडी नाहीं. वर्षाचे दिवस तीनशें पांसष्ट आणि नामांकित मृत हजारों. तेव्हां कोणतीही तारीख घेतली तरी चारदोन मोठीं नांवें सांपडावयाचींच. शेक्सपियर आणि सर्व्हांटीस हे दोघे २३ एप्रिल १६१६ ह्या एकाच दिवशीं वारले असें सांगण्याची वहिवाट आहे. पण त्या काळीं स्पेनांत ग्रेगरीचें पंचांग होतें आणि इंग्लंडांत जुनें ज्यूलियन, म्हणजे ती 'एकच' तारीख दोन देशांत दहा दिवसांच्या अंतरानें उगवली होती!

असें असूनही २१ ऑगस्ट ह्या तारखेपाशीं आम्ही थबकतों. १९३१ सालीं त्या दिवशीं मिरजेस गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर निवर्तले. १९७८ सालीं त्याच तारखेस मुंबईंत क्रिकेटपटु विनू मंकड ह्यांचें देहावसान झालें. आणि २००६ सालीं त्याच तारखेस काशींत उस्ताद बिस्मिल्ला खां गेले. आपलें पंचांग पाहिलें तर तिघेही श्रावणांतच गेले. परंतु विष्णुबुवा शुद्ध पक्षांत, मंकड नारळी पौर्णिमा उलटून तीन दिवस झाले असतां, आणि खांसाहेब अमावास्या दोन दिवसांवर आली असतां. तिथीनें मोजणाऱ्या घरांत ह्या तिघांचें श्राद्ध एका दिवशीं आलें नसतें. तेव्हां योग तारखेचाच, आणि तो निव्वळ योगायोग. मात्र तिघांस शेजारीं बसविल्यावर एक गोष्ट दिसूं लागते, तिला योगायोग म्हणतां येत नाहीं. तिघांचेही धंदे लोकांचें मन रमविण्याचे. आणि आमच्या सभ्य समाजानें त्या धंद्यांस दाद दिली, पैसाही दिला, पण बसावयास पाट देतांना मात्र हात आंखडता घेतला.

विष्णुबुवांविषयीं आम्हां नाशिक जिल्ह्यांतील लोकांस अधिक ममत्व वाटावें हें साहजिक आहे. आमचें सिन्नर ही यादवांची पहिली राजधानी. गोंदेश्वराचें देऊळ त्या काळाची साक्ष देत अद्यापि उभें आहे. पुढें यादव देवगिरीस गेले, आणि त्यांच्यांतील सिंघण राजाच्या आश्रयास राहून शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला. राजाच्या पदरीं हिशेबाचें काम करणाऱ्या त्या पंडिताचा ग्रंथ सातशें वर्षें अभ्यासिला गेला. त्यांतील गाणें गाणाऱ्यांचीं नांवें मात्र कोणीं टिपून ठेविलीं नाहींत. गाणें शास्त्र म्हणून पूज्य आणि गवई माणूस म्हणून आश्रित, ही विषमता इतकी जुनी आहे.

ती मोडावयास विष्णुबुवा उठले. १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें त्यांचा जन्म झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें दृष्टि अधू झाली म्हणून त्यांस गाण्याकडे वळविलें, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं त्यांनीं विद्या केली. १८९६ सालीं संस्थानचा आश्रय सोडून ते बाहेर पडले. राजेरजवाड्यांची मेहेरबानी न शोधतां तिकीट लावून जाहीर जलसे करावे, स्वरलिपि तयार करावी, क्रमिक पुस्तकें छापावीं, आणि गृहस्थांच्या मुलामुलींस फी घेऊन वर्गांत बसवून गाणें शिकवावें, हा त्यांचा कार्यक्रम. ५ मे १९०१ रोजीं दूर लाहोरास त्यांनीं गांधर्व महाविद्यालय काढलें. १९०८ सालीं मुंबईस काढलें. गवयाचा धंदा म्हणजे व्यसनी मंडळींची संगत असें समजणाऱ्या काळांत हें धाडस केवढें होतें, ह्याची कल्पना आज तंबोरा घेऊन निर्धास्तपणें क्लासास जाणाऱ्या मुलींस येणें कठीण आहे. मुंबईची इमारत कर्जावर उभारलेली होती. कर्ज फिटलें नाहीं आणि इमारत हातची गेली. धनकोंनीं काय केलें ह्याची कागदपत्रें असतीलच. पण त्यांच्या गाण्यास माना डोलावणाऱ्या मुंबईनें तो प्रसंग टाळला नाहीं, एवढें आमच्या मनांत सलतें.

त्यानंतर ते नाशकास आले. भगवीं वस्त्रें, रामनाम आणि रामनाम-आधाराश्रम हें त्यांचें उत्तरायुष्य. ह्याला कोणी वैराग्य म्हणतात, कोणी पराभव म्हणतात. आम्हांस दोन्ही शब्द अपुरे वाटतात. कारण १९२३ सालीं काकिनाड्याच्या काँग्रेसांत अध्यक्ष महंमद अली ह्यांनीं गायनास हरकत घेतली असतां जे भर सभेंत 'वंदे मातरम्' पुरें गाऊनच थांबले, त्यांच्या अंगचा ताठा गेला होता असें म्हणवत नाहीं. १९३० च्या दांडीयात्रेंत गांधीजींबरोबर चालणाऱ्या सत्याग्रहींमध्यें त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे होते आणि वाटेनें त्यांचीं भजनें चाललीं होतीं. पुढल्याच वर्षीं, एकुणसाठावा वाढदिवस होऊन तिसऱ्या दिवशीं, ज्या मिरजेंत ते शिकले त्याच मिरजेंत त्यांनीं देह ठेविला. मुलगा दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. तोही मोठा गवई झाला. 'बैजू बावरा' चित्रपटांत अमीर खां ह्यांच्यासह त्याचा आवाज आहे. आणि १९५५ सालीं, पस्तिशीही न गांठतां, तोही गेला.

मरणाच्या दिवसाचेंही एक दैव असतें. रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह ५ मार्च १९५३ रोजीं वारला, आणि त्याच दिवशीं स्टॅलिन वारला. मॉस्कोंतील फुलें सारीं एकीकडे गेलीं आणि ह्या बिचाऱ्याच्या प्रेतावर घालावयास फूल मिळणें मुष्किल झालें. अमेरिकेंत २५ जून २००९ रोजीं सकाळीं नटी फॅरा फॉसेट गेली. दुपारीं मायकेल जॅक्सन गेला, आणि संध्याकाळपर्यंत तिचें नांव मागें पडलें. आमच्या तिघांच्या वाट्यास हा प्रकार आला नाहीं. त्यांच्यामध्यें दशकांचें अंतर आहे.

बिस्मिल्ला खां ह्यांच्यापुरतें बोलावयाचें तर त्यांचें भाग्य थोर. सनई हें दारांत वाजविण्याचें वाद्य. नगारखान्यांत तिची जागा, दिवाणखान्यांत नाहीं. आमच्याकडे लग्नकार्यांत सनई-चौघड्याशिवाय चालत नाहीं, पण वाजंत्र्यांची पंगत कोठें बसे हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगणें नको. १९३७ सालीं कलकत्त्याच्या संगीत परिषदेंत खांसाहेबांनीं तीच सनई मैफलीच्या मध्यभागीं आणून बसविली. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं लाल किल्ल्यावर ती वाजली. २००१ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें. गंगेकाठीं बालाजीच्या देवळांत रियाज करणारा हा शिया मुसलमान मोहरमांत तीच सनई शोकाच्या सुरांत वाजवीत चाले, आणि ह्या दोहोंत विसंगति आहे असें त्यास कधीं वाटलें नाहीं. नव्वदाव्या वर्षीं ते गेले तेव्हां लष्करानें सलामी दिली आणि सनईही त्यांच्याबरोबर कबरींत ठेविली गेली.

राहतां राहिले मंकड, आणि त्यांच्याविषयींच अधिक लिहावेंसें वाटतें. कारण गवयाचा सूर ध्वनिमुद्रिकेंत तरी उरतो, खेळाडूचे आंकडेच तेवढे उरतात. जामनगरांत जन्मलेले मुळवंतराय हिंमतलाल मंकड हे मुंबईकडूनही खेळले. १९५२ च्या फेब्रुवारींत मद्रास येथें इंग्लंडचे आठ गडी त्यांनीं ५५ धावांत टिपले. दोन्ही डाव मिळून बारा. हिंदुस्थानचा कसोटींतील तो पहिला विजय. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत ते लँकेशायरांतील हॅस्लिंग्डन क्लबाचे पगारी खेळाडू होते, कारण नियामकांनीं त्यांस संघांतील जागेची हमी दिली नव्हती. पोटासाठीं खेळणाऱ्यानें आधीं हमी मागावी ह्यांत गैर काय होतें? लीड्सला आमच्या दुसऱ्या डावाचे पहिले चार गडी शून्यावर पडले तेव्हां कोठें मंकडांची आठवण झाली. ते लॉर्ड्सवर आले, पहिल्या डावांत ७२ आणि दुसऱ्यांत १८४ धावा काढल्या, आणि त्या दोहोंच्या मध्यें ७३ षटकें टाकून पांच गडी बाद केले. सामना आपण हरलों. पण तो लोकांच्या तोंडीं राहिला तो मंकडांच्या नांवानें. १९५६ सालीं मद्रासेसच पंकज रॉयबरोबर त्यांनीं सलामीस ४१३ धावांची भागी केली. तो विक्रम २००८ पर्यंत अबाधित होता.

अशा पुरुषाचें नांव जगभर कशासाठीं घेतलें जावें? १९४७ च्या डिसेंबरांत सिडनीस ऑस्ट्रेलियाचा फलंदाज ब्राउन चेंडू टाकण्यापूर्वींच धांव चोरण्यास पुढें सरला, आणि मंकडांनीं त्याच्या यष्ट्या उडविल्या. त्यापूर्वीं त्याच दौऱ्यांत त्यास ताकीद देऊन झाली होती, आणि एकदां बाद करूनही झालें होतें. त्या प्रकारच्या बादास त्यांचें नांव चिकटलें तें शिवी म्हणून. खुद्द प्रतिपक्षाचा कप्तान ब्रॅडमन ह्यानें आपल्या आत्मवृत्तांत मंकडांची बाजू घेतली. तरी शिवी राहिलीच. त्याच दौऱ्यांत मेलबर्नला त्यांनीं दोन शतकें काढलीं होतीं; तीं किती जणांस ठाऊक आहेत? चोरी करणारा सुटला आणि पकडणाऱ्याच्या नांवाचें क्रियापद झालें, असा हा न्याय. नियम मेरिलबोन क्रिकेट क्लबाचे. त्या क्लबानें २०२२ सालीं हें बाद करणें 'अनुचित खेळ' ह्या सदरांतून काढून साध्या 'धांवबाद'च्या सदरांत घातलें. मंकडांस जाऊन तोंवर चव्वेचाळीस वर्षें झालीं होतीं.