अर्भकांचे आकस्मिक मृत्यू आणि मातांवरील दोषारोप : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९६ ते २०२३)

प्रस्तावना

निरोगी दिसणारे अर्भक झोपेतच मरण पावते आणि शवविच्छेदन करूनही कारण सापडत नाही, अशा घटनेस 'आकस्मिक अर्भकमृत्यू' म्हटले जाते. १९६९ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे भरलेल्या परिषदेत या संज्ञेची व्याख्या निश्चित करण्यात आली. ही संज्ञा वस्तुतः रोगाचे निदान नसून कारण न सापडल्याची नोंद आहे. मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील काही खटल्यांत कारणाचा हा अभावच गुन्ह्याचा पुरावा मानला गेला. ही चूक कशी घडली आणि ती दुरुस्त होण्यास किती काळ लागला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सॅली क्लार्क खटला

इंग्लंडमधील चेशायर परगण्यातील वकील सॅली क्लार्क यांचा पहिला मुलगा डिसेंबर १९९६ मध्ये, तर दुसरा जानेवारी १९९८ मध्ये मरण पावला. दोघेही तीन महिन्यांपेक्षा लहान होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये चेस्टर येथील न्यायालयात ज्युरीने १० विरुद्ध २ अशा बहुमताने त्यांना दोषी ठरविले व जन्मठेपेची शिक्षा झाली.

या खटल्यात बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांची साक्ष गाजली. धूम्रपान न करणाऱ्या, कमावत्या व प्रौढ मातापित्यांच्या कुटुंबात असा एक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक असल्याचे एका पाहणीत नमूद होते. त्या संख्येचा वर्ग करून असे दोन मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक, असे मेडो यांनी सांगितले. या गणितात दोन दोष होते. एकाच कुटुंबातील भावंडांची आनुवंशिकता व परिस्थिती समान असते. त्यामुळे दोन मृत्यू परस्परांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत. दुसरे असे की, दोन नैसर्गिक मृत्यू दुर्मीळ असले तरी मातेने दोन अर्भकांचा खून करणे हेही दुर्मीळच असते. या दोन शक्यतांची परस्परांशी तुलना न करता पहिलीच्या दुर्मीळतेवरून दुसरी सिद्ध झाली असे मानणे तर्कदृष्ट्या अग्राह्य होते.

ऑक्टोबर २००० मध्ये पहिले अपील फेटाळले गेले. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्यास शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर निवेदन काढले. अखेर जानेवारी २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली, तीही प्रामुख्याने वेगळ्या कारणाने. दुसऱ्या मुलाच्या शरीरात जंतुसंसर्ग दर्शविणारे अहवाल शवविच्छेदन-तज्ज्ञास ठाऊक होते. परंतु ते बचाव पक्षास कळविले गेले नव्हते. तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगवास भोगलेल्या क्लार्क यांचे मार्च २००७ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी निधन झाले.

ब्रिटनमधील पुनर्विचार

जून २००३ मध्ये भारतीय वंशाच्या तृप्ती पटेल यांची ज्युरीने निर्दोष मुक्तता केली. भारतातून आलेल्या त्यांच्या आजीने, आपलीही मुले शैशवात दगावल्याची साक्ष दिली होती. डिसेंबर २००३ मध्ये अँजेला कॅनिंग्ज यांची, तर एप्रिल २००५ मध्ये डॉना अँथनी यांची शिक्षा रद्द झाली. कॅनिंग्ज प्रकरणी अपील न्यायालयाने महत्त्वाचे तत्त्व मांडले : मान्यवर तज्ज्ञांत गंभीर मतभेद असतील आणि इतर ठोस पुरावा नसेल, तर खटला पुढे चालविणे सहसा योग्य ठरत नाही. मेडो यांचे नाव २००५ मध्ये वैद्यकीय नोंदवहीतून कमी करण्यात आले. परंतु २००६ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि त्याच वर्षी अपील न्यायालयानेही नाव कमी न करण्याचा निकाल कायम ठेवला.

ऑस्ट्रेलियातील पुनरावृत्ती

क्लार्क यांची सुटका झाल्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, मे २००३ मध्ये, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात कॅथलीन फोलबिग यांना तीन अपत्यांचा खून व एकाचा सदोष मनुष्यवध या आरोपांखाली दोषी ठरविण्यात आले. येथे एखादा विशिष्ट आकडा पुढे केला गेला नव्हता. परंतु चार मृत्यू योगायोगाने होऊ शकत नाहीत, हा तर्क मात्र तोच होता. त्यास फोलबिग यांच्या दैनंदिनीतील अपराधभावाच्या नोंदींची जोड देण्यात आली. पुढे त्यांच्या दोन्ही मुलींमध्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारे एक दुर्मीळ जनुकीय उत्परिवर्तन आढळले. तरीही २०१९ च्या चौकशीत दोषसिद्धी योग्यच ठरविली गेली. २०२१ मध्ये अनेक शास्त्रज्ञांनी माफीसाठी अर्ज केला व नव्याने चौकशी झाली. दैनंदिनीतील नोंदी म्हणजे शोकाकुल मातेचे स्वतःला दोष देणे होय, गुन्ह्याची कबुली नव्हे, असे मत पुढे आले. जून २०२३ मध्ये त्यांना माफी मिळाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. तोपर्यंत सुमारे वीस वर्षे तुरुंगात गेली होती.

निष्कर्ष

वरील प्रकरणांत दोष केवळ एका तज्ज्ञाचा वा एका आकड्याचा नव्हता. मृत्यूचे कारण सांगता येत नसेल तर ते मातेने सांगावे, अशी अपेक्षा निर्माण झाली आणि पुराव्याचा भार सरकार पक्षाकडून आरोपीकडे नकळत सरकला. ब्रिटनमध्ये आकड्यातील चूक उघड झाली, परंतु त्यामागील तर्क अन्यत्र टिकून राहिला. वैद्यकशास्त्राचे आजचे अज्ञान उद्या दूर होऊ शकते; त्यामुळे 'कारण अज्ञात' या नोंदीचा अर्थ न्यायालयातही तेवढाच राहणे आवश्यक आहे. जनुकीय संशोधनाने अखेर एका मातेस न्याय मिळण्यास साहाय्य केले; परंतु असे संशोधन उपलब्ध नसतानाही तिला संशयाचा फायदा मिळावयास हवा होता, हाच या इतिहासाचा मुख्य बोध होय.