गव्हाच्या मुलखात गव्हाविना

दिल्ली, गुरगाव, फरीदाबादच्या पट्ट्यात कुणाच्या घरी सीलिअ‍ॅकचा रुग्ण निघाला की नातेवाइकांत एक निदान हमखास होतं: आमच्या आजोबांच्या काळी हे असलं काही नव्हतं, हा सगळा हरितक्रांतीच्या गव्हाचा प्रताप. मेक्सिकोहून बुटका गहू आला, उत्पन्न वाढलं, सोबत हा आजार आला. ऐकणाऱ्याला पटतंही. गुन्हेगार परदेशी, साक्षीदार आजोबा आणि पुरावा समोरच्या ताटात. अडचण एवढीच की तारखा जुळत नाहीत.

नोव्हेंबर 1966 मध्ये लंडनच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या एकाच अंकात दिल्लीहून गेलेले दोन लेख एकापाठोपाठ छापून आले. पहिला मिश्रा, कस्तुरी आणि चुट्टाणी यांचा, उष्ण कटिबंधातल्या प्रौढांच्या सीलिअ‍ॅकबद्दल. त्याला लागून दुसरा, ‘एम्स’मधल्या वालिया, सिधू, टंडन, घई आणि भार्गव यांचा, उत्तर भारतातल्या मुलांच्या सीलिअ‍ॅकबद्दल. यातले घई म्हणजे ओ. पी. घई, ज्यांचं बालरोगशास्त्राचं पुस्तक भारतातल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी वाचलं आहे.

त्याच वर्षी भारतानं मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. ते त्या रब्बीला पेरलं गेलं आणि 1967 च्या एप्रिलमध्ये कापलं गेलं. त्याआधी थोडं बियाणं आलं होतं, पण ते प्रात्यक्षिकांच्या शेतांपुरतं. म्हणजे नव्या गव्हाची रोटी उत्तर भारतातल्या सामान्य ताटात पोचायच्या आधीच दिल्लीतल्या डॉक्टरांनी आजार ओळखून, तपासून, लिहूनही काढला होता. त्या मुलांनी खाल्ला होता तो आजोबांचाच गहू.

आजार आहे तरी काय? गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. कणकेला जो चिवटपणा येतो, पोळी जी लाटली जाते, ती त्यांच्यामुळे. काही माणसांच्या शरीराला ती शत्रू वाटतात आणि शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतली मखमलीसारखी लव झिजून सपाट होते, अन्न अंगी लागत नाही. मूल जुलाबांनी खंगतं, नाही तर उंचीच वाढत नाही. मोठ्या माणसात कधी नुसता पंडुरोग असतो, लोहाच्या कितीही गोळ्या घेतल्या तरी न हटणारा. औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य, एवढं एकच पथ्य.

या पथ्याचा शोध तसा ताजा आहे. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी 1888 मध्ये आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि उपाय झालाच तर तो आहारातून होईल, हेही सांगितलं. पण कोणत्या आहारातून, ते त्यांना कळलं नव्हतं. पुढे अमेरिकेत या मुलांना केळ्यांवर ठेवत. गव्हाकडे बोट दाखवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. त्यांना संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे पाव मिळेनासा झाला तेव्हा इतर मुलं सुकत असताना ही मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिकेंचा प्रबंध 1950 चा. आतड्याचा तुकडा तोंडावाटे काढून तपासायची सोय त्यानंतर पाच-सात वर्षांनी आली आणि ‘एम्स’ची स्थापना 1956 ची. दिल्लीनं दहा वर्षांत या सगळ्याला गाठलं, हे काही थोडं नाही.

कारण भारतात तेव्हा डॉक्टरांच्या मनात दुसरंच नाव पक्कं बसलेलं होतं: स्प्रू. उष्ण प्रदेशात माणूस खंगला, जुलाब थांबेनात, की संसर्गातून होणारा हा स्प्रू. सीलिअ‍ॅक हा गोऱ्या माणसांचा आजार, आपल्याकडे नाहीच, अशी समजूत. मग मुलाचा आजार कधी आमांश ठरवत, कधी क्षय, कधी नुसतंच कुपोषण. आणि कुपोषण ठरलं की सल्ला काय, तर पोरांना चांगला गव्हाचा दलिया खाऊ घाला. 1966 च्या लेखांचं महत्त्व इथं आहे. गोऱ्यांच्या मानलेल्या आजाराचं घर इथंही आहे, हे त्यांनी दाखवलं.

मग आजोबांची साक्ष खोटी का? अगदीच नाही. त्यांच्या ताटात गहू होता, पण तो आजच्याइतका नव्हता.

दिल्लीभोवतीचा मुलूख हा मुळात बाजरीचाही मुलूख आहे. फिरोजशाह तुघलकानं चौदाव्या शतकात यमुनेचा कालवा काढला, इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पुन्हा वाहता केला, आणि कालव्याकाठी गहू पिकला. पण पिकवणाऱ्यानं तो खाल्लाच असं नाही. गहू हे शेतसाऱ्याचं आणि बाजाराचं पीक. घरात खरिपानंतर हिवाळाभर बाजरी, ज्वारी, मका; रब्बी निघाली की जव आणि हरभरा एकत्र दळलेली ‘बेझड’ची रोटी, किंवा गहू-हरभऱ्याची ‘गोचनी’. निव्वळ गव्हाची पोळी पाहुण्याला. विदर्भ-मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. पंजाबात हा आजार उन्हाळी जुलाब म्हणून ओळखला जाई, असं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. हिवाळ्यात मका, उन्हाळ्यात गहू, असं ताट ऋतूप्रमाणे बदलायचं आणि त्याबरोबर मुलाची तब्येतही. आईला कारण कळत नसे, पण महिना कळत असे.

हा ऋतूंचा पाळणा दोन धक्क्यांनी थांबला. पहिला फाळणीचा. पश्चिम पंजाबातून जवळपास पाच लाख निर्वासित दिल्लीत आले. 1941 ला नऊ लाखांच्या घरात असलेली वस्ती 1951 ला सतरा लाखांवर गेली. लाजपतनगर, पटेलनगर, राजेंद्रनगर वसले आणि त्यांच्याबरोबर तंदूर. दिल्लीच्या जेवणाचा गव्हाळ तोंडवळा पुष्कळसा या मंडळींनी घडवला.

दुसरा धक्का शेताचा. बिहारातल्या पुसा इथली कृषी संशोधन संस्था 1934 च्या भूकंपात पडली आणि 1936 मध्ये दिल्लीत आली. ‘पुसा’ हे नाव दिल्लीच्या नकाशावर असं पोचलं. गव्हाच्या जाती काढणं हे तिचं जुनं काम. साठच्या दशकात तिच्याच शास्त्रज्ञांनी, स्वामीनाथन यांच्या पुढाकारानं, दिल्लीच्या वायव्येला हरियाणाच्या सीमेवरचं जौंती हे गाव बियाण्याचं गाव केलं. 1964-65 मध्ये देशात 123 लाख टन गहू पिकला होता, 1967-68 मध्ये 165 लाख टन आणि 1970-71 मध्ये 238 लाख टन. जुलै 1968 मध्ये टपाल खात्यानं ‘गहू क्रांती’चं तिकीट काढलं. हमीभाव, सरकारी खरेदी आणि रेशन या तिघांनी मिळून गहू बारमाही आणि स्वस्त केला. बाजरी गरिबाची ठरून मागे पडली, मग गुरांची झाली.

आजाराचं खरं माप मिळायला मात्र 2011 उजाडावं लागलं. ‘एम्स’चे गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी राजधानी क्षेत्रातल्या शहरी आणि ग्रामीण वस्तीत 10,488 माणसांची पाहणी केली. सीलिअ‍ॅकचं प्रमाण निघालं 1.04 टक्के, म्हणजे 96 माणसांत एक. युरोपातही साधारण एवढंच असतं. यातल्या बहुतेकांना आपल्याला काही झालं आहे याचा पत्ता नसतो.

त्याहून बोलका अभ्यास 2016 चा. उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या 23,331 प्रौढांच्या तपासणीत रक्तातल्या सीलिअ‍ॅकच्या खुणांचं, म्हणजे प्रतिपिंडांचं प्रमाण आलं अनुक्रमे 1.23, 0.87 आणि 0.10 टक्के. या आजाराला लागणारी आनुवंशिक ठेवण मात्र तिन्हीकडे सारखीच, साधारण तिघांत एकाकडे. फरक होता तो गव्हात: उत्तरेत माणशी रोज सरासरी 455 ग्रॅम, ईशान्येत 37 आणि दक्षिणेत 25. ईशान्येचा आकडा या हिशेबात नीट बसत नाही, हे मान्य करायला हवं. इतक्या कमी गव्हावर तिथं एवढे रुग्ण का, याचं उत्तर नुसत्या ग्रॅममध्ये नाही. पण उत्तर आणि दक्षिण यांच्यातलं बारापट अंतर डोळ्याआड करता येत नाही.

आणि गव्हातलं ग्लुटेनच वाढलं, या आरोपाचं काय? अमेरिकी गव्हापुरतं डोनाल्ड कासार्डा यांनी 2013 मध्ये जुने आकडे तपासले. विसाव्या शतकात तसं वाढल्याचा स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नाही. गव्हाची जात बदलली म्हणून आजार जन्मला, हे म्हणणं टिकत नाही. ताटातल्या गव्हाचा वाटा वाढला आणि आजार ओळखणारे डोळे आले, हे टिकतं. आपल्याकडे ‘खपली खा, जुना गहू आहे, चालतो’ असा सल्ला फार प्रेमानं दिला जातो. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि सीलिअ‍ॅकच्या माणसाला तो तितकाच घातक आहे.

दिल्लीत राहून हे पथ्य पाळायचं म्हणजे शहराशी रोज घासाघीस. छोले चालतात, भटुरा नाही. गोलगप्पा रव्याचा, जिलबी मैद्याची, गुलाबजामाच्या खव्यातही मैदा. गुरुद्वारा बंगला साहिबच्या दारात ओंजळीत पडणारा कडा प्रसाद म्हणजे कणीक, साखर आणि तूप. नाकारायचा तर नाही आणि खायचा तर मुळीच नाही. मग तो कपाळाला लावून शेजारच्याच्या हातावर. सगळ्यांत फसवा मात्र हिंग. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पीठ आणि डिंक मिसळून सौम्य करतात, आणि ते पीठ बहुधा गव्हाचं असतं. खारी बावलीतून आणलेली डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचल्याशिवाय या घरांत फोडणी पडत नाही. मराठी घरात थालीपिठाच्या भाजणीवर हीच नजर ठेवावी लागते. बऱ्याच घरच्या भाजणीत मूठभर गहू असतोच.

चक्की हा तर वेगळाच अध्याय. गव्हाच्या दळणानंतर लगेच बाजरी टाकली, तर जात्याच्या पाळीत, पन्हाळीत, कापडी पिशवीच्या शिवणीत अडकलेलं पीठ पहिल्या किलोभर बाजरीत उतरतं. डोळ्यांना दिसत नाही, आतड्याला कळतं. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून विकायच्या मालात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणजे चक्कीतली चिमूटभर कणीक दळण वाया घालवायला पुरेशी. म्हणून ही कुटुंबं धान्य घरीच धुऊन, वाळवून घरघंटीवर दळतात.

गंमत अशी की या शहराकडे ग्लुटेन नसलेला एक आख्खा बाजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि तो धर्मानं चालवला आहे. चैत्र आणि आश्विनातल्या नवरात्रात उत्तर भारत धान्य सोडतो. मग कुट्टूच्या पुऱ्या, शिंगाड्याचा शिरा, आपल्या वरईचा भाऊ असलेला समक, राजगिऱ्याचे लाडू. वर्षातले हे अठरा दिवस सीलिअ‍ॅकचं मूल चारचौघांसारखं जेवू शकतं, पीठ स्वच्छ असेल तर. दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात उकडीचे मोदकही त्याला चालतात, तळणीचे नाहीत.

कायद्याची वाट उशिरा मोकळी झाली. आहारतज्ज्ञ ईशी खोसला यांच्या पुढाकारानं दिल्लीत सीलिअ‍ॅक सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2016 मध्ये निदान-उपचारांची मार्गदर्शिका काढली. 2020 च्या लेबलविषयक नियमांनी ग्लुटेन असलेल्या धान्यांचा उल्लेख पाकिटावर सक्तीचा केला. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्यांचं वर्ष मानलं आणि बाजरी पुन्हा प्रतिष्ठित झाली. मात्र ‘मल्टिग्रेन’ किंवा ‘मिलेट’ लिहिलेल्या पाकिटात पहिला घटक गहू असणं हे नित्याचं आहे. पाकिटाची मागची बाजू न वाचता ते या घरात आणू नये.

महाराष्ट्राची भाकरी गेल्या काही दशकांत झपाट्यानं पोळीला जागा देत आहे, आणि आनुवंशिक ठेवण आपल्यातल्या अनेकांकडेही असणारच. घरात कुणाचा पंडुरोग हटत नसेल, मुलाची उंची अडली असेल, तर डॉक्टरांना सीलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. आणि एक गोष्ट नक्की पाळा: तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडला तर रक्तातल्या खुणा पुसट होतात, आतडं भरून येऊ लागतं, आणि असलेला आजार अहवालात दिसत नाही.