टॅब आणि रामोन्सचा बेस

* टॅब : ‘टॅब्लेचर’चे रूढ लघुरूप. बेस गिटारच्या टॅबमध्ये चार आडव्या रेघा असतात. सर्वांत खालची सर्वांत जाड तारेची, म्हणजे ई तारेची. तिच्यावर ए, डी आणि जी. रेघेवरचा आकडा फ्रेटचा, म्हणजे दांडीवरच्या पडद्याचा. शून्य असेल तर तार मोकळी छेडायची. सुरांची नावे कळण्याची गरज नाही. युरोपात ल्यूटसाठी अशी लिपी सोळाव्या शतकातही चालत होती.

न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडचे ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ (1976) हे गाणे या पद्धतीने शिकायला फार सोयीचे. ई तारेवर 5, ए तारेवर 5 आणि 7 : ए, डी, ई हे त्याचे मुख्य सूर. आकडे तासाभरात पाठ होतात. खरी कसोटी उजव्या हाताची. बँडचा बेसवादक डी डी रामोन प्लेक्ट्रमचे सगळे फटके वरून खालीच मारायचा. वर-खाली आलटून पालटून वाजवले तर हात दमत नाही, पण त्या वादनातली धडक जाते, आणि या संगीताचा प्राण तीच आहे. साध्या टॅबमध्ये ना फटक्याची दिशा दिसते, ना सुराची लांबी. म्हणून नुसत्या आकड्यांवर विसंबू नये. हे गाणे रामोन्सच्या ज्या पहिल्या अल्बममध्ये आहे, त्याच्या मूळ स्टिरिओ ध्वनिमुद्रणात बेस डाव्या बाजूला आणि गिटार उजव्या बाजूला ठेवली आहे. वाचकांनी आधी हेडफोनची फक्त डावी बाजू कानाला लावून गाणे ऐकावे, मगच टॅब उघडावा. — संपा.